महामार्गावरील मृत्यूंचा अबोल साक्षीदार

नाशिक बाजार समितीत सायंकाळचे लिलाव आटोपले की भाजीपाल्याच्या गाड्यांची लगबग सुरू होते. पहाटेच्या आत माल मुंबई-वाशीच्या बाजारात पोहोचला पाहिजे, अन्यथा भाव पडतो. पिंपळगाव-लासलगावचा कांदा, हंगामातील टोमॅटो आणि द्राक्षे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील यंत्रांचे सुटे भाग आणि पानेवाडीहून निघणारे इंधनाचे टँकर, अशी सारी वाहतूक रात्रीच्या अंधारात घाट उतरते अथवा चढते. मुंबई परिसरात अवजड वाहनांच्या प्रवेशावर दिवसा वेळेची बंधने असल्याने रात्र हाच ट्रकचालकाचा कामाचा दिवस असतो. आणि नेमका तोच बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, साळिंदर व सशाच्या भटकंतीचाही काळ असतो. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, दोघेही पोटासाठी बाहेर पडलेले असतात.

या दोघांची गाठ पडते तेव्हा काय होते, याची बातमी वृत्तपत्रांत येते ती बहुधा एका ठरावीक साच्यात. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत बिबट्या ठार’ असा मथळा, खाली चार ओळी, वन विभागाने पंचनामा केल्याचा उल्लेख आणि अंत्यसंस्कार झाल्याची नोंद. या बातमीतील ‘अज्ञात’ हा शब्द सर्वांत बोलका आहे. प्राण्याचे वय, लिंग, दातांची लांबी, जखमांचे स्वरूप हे सारे नोंदवले जाते. परंतु तो कोणत्या बाजूने आला, कोठे निघाला होता, थबकला की धावला, त्याच्या मागे पिल्ले होती का, हे ज्याने पाहिले तो चालक अज्ञातच राहतो. महामार्गावरील वन्यजीवांच्या मृत्यूंचा पहिला व बहुतेकदा एकमेव साक्षीदार ट्रकचालक असतो. व्यवस्था मात्र त्याच्याकडे केवळ संशयित म्हणून पाहते. त्यामुळे तो बोलत नाही, आणि तो बोलत नाही म्हणून रस्तेही सुधारत नाहीत. नाशिक जिल्ह्यातील या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

उसातला बिबट्या, उसाकडेचा रस्ता

नाशिकची भौगोलिक रचनाच अशी आहे की, वन्यप्राणी आणि वाहने यांची गाठ टळणे अवघड. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा सह्याद्री, दक्षिणेला अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, घाटाखाली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्य. पूर्वेला निफाडच्या हद्दीत नांदूरमध्यमेश्वर, ज्याला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळाचा मान मिळाला. त्यापलीकडे येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूरचे माळरान, जेथे काळविटांचे कळप आजही चरताना दिसतात. या साऱ्यांच्या मधून मुंबई-आग्रा महामार्ग, नाशिक-पुणे महामार्ग, पेठ व त्र्यंबकचे रस्ते आणि आता समृद्धी महामार्ग जातो. कसारा घाट, सिन्नरजवळचा मोहदरी घाट, चांदवडचा राहुड घाट, पेठ रस्त्यावरील सावळ घाट ही नावे चालकांना जशी तोंडपाठ, तशीच ती प्राण्यांच्याही येण्याजाण्याची ठिकाणे आहेत. डोंगराच्या दोन अंगांना जोडणारी खिंड रस्त्यालाही सोयीची असते आणि जनावरालाही.

मात्र नाशिकमधील बिबट्या केवळ डोंगरात राहतो, हा समज आता कोणी बाळगू नये. गोदावरी, दारणा व कादवा यांच्या काठी सिंचनाबरोबर ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबट्याही. उसात त्याला आडोसा मिळतो, पाणी मिळते, आणि वस्त्यांवरील कुत्री, शेळ्या, डुकरे यांच्या रूपाने भक्ष्यही मिळते. मादी उसातच पिल्ले देते. तोडणीचा हंगाम सुरू झाला की फडामागून फड मोकळे होतात आणि ही कुटुंबे एका शेतातून दुसऱ्या शेतात हलतात. या हलण्यात एखादा तरी डांबरी रस्ता आडवा येतोच. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील सावरकरनगरात बिबट्या शिरला होता, तेव्हा शहरवासीयांना तो जंगल सोडून आलेला पाहुणा वाटला. प्रत्यक्षात तो शहराच्या वेशीवरील मळ्यांचा जुना रहिवासी असण्याचीच शक्यता अधिक.

देशातील बिबट्यांच्या २०२२ च्या अंदाजानुसार (तो फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला) भारतात १३ हजार ८७४, तर महाराष्ट्रात १ हजार ९८५ बिबटे आहेत. हा अंदाज प्रामुख्याने वाघांचा अधिवास असलेल्या राज्यांतील जंगलांवर बेतलेला होता. निफाड-सिन्नरच्या उसातील बिबट्या त्या मोजणीच्या चौकटीत बसत नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी रस्त्याखाली वाट ठेवण्याचा विचार कोण करणार?

‘आजोबा’ने दाखवलेली वाट

बिबट्याच्या मार्गात महामार्ग किती वेळा येतो, याचे सर्वांत ठोस उदाहरण नाशिकच्या उंबरठ्यावरच घडले आहे. २००९ च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक पूर्ण वाढीचा नर बिबट्या वन विभागाने बाहेर काढला. वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन विभागाच्या साथीने त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा सांगणारा पट्टा बसवला. शांत स्वभावामुळे त्याचे नाव पडले ‘आजोबा’. माळशेज घाटात सोडल्यानंतर आजोबाने पश्चिमेची वाट धरली. सुमारे महिनाभरात त्याने १२० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. या प्रवासात तो कसारा रेल्वे स्थानकाच्या परिसरातून गेला, रहदारीने गजबजलेला मुंबई-आग्रा महामार्ग त्याने ओलांडला, पुढे वसईची खाडी पोहून पार केली आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा परिसर गाठला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही.

डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदरच्या परिसरात वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मरण पावला. त्याच्या शरीरातील सूक्ष्म चकतीवरून ओळख पटली, तो आजोबाच होता. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला आणि शहरी प्रेक्षकांनी त्याच्याविषयी हळहळ व्यक्त केली. परंतु या कथेचा व्यावहारिक अर्थ फारसा कोणी लक्षात घेतला नाही. माळशेज ते मुंबई एवढ्या वाटचालीत जो प्राणी घाट, लोहमार्ग, महामार्ग आणि खाडी पार करून सुखरूप राहिला, तो अखेर एका रस्त्यावर संपला. आजोबाच्या गळ्यात पट्टा आणि अंगात चकती होती म्हणून त्याचा प्रवास आणि शेवट दोन्ही कळले. ज्या शेकडो प्राण्यांच्या अंगावर अशी कोणतीही खूण नसते, त्यांच्या वाटा फक्त रात्रीच्या चालकांना ठाऊक असतात.

ब्रेकचे गणित

‘चालकाने थोडे सावध राहायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर विचारला जातो. त्याचे उत्तर नीतीपेक्षा गणितात अधिक आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. समोर काही आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो, असे धरले तर तेवढ्यात ट्रकने ३३ मीटर अंतर कापलेले असते. त्यानंतर माल भरलेला ट्रक कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबण्यासाठी आणखी ५० ते ६० मीटर लागतात. म्हणजे एकूण ८० ते ९० मीटर. समोरून वाहने येत असताना चालकाला दिव्यांचा झोत खाली ठेवावा लागतो, आणि ‘डिपर’चा कामाचा उजेड साधारण ५० ते ६० मीटरच पडतो. याचा अर्थ, जागा असलेला, शुद्धीत असलेला आणि वेगमर्यादा पाळणारा चालकसुद्धा उजेडात दिसलेल्या बिबट्याआधी ट्रक थांबवू शकत नाही.

गाडी बाजूला वळवावी, तर तोही मार्ग नाही. दहा-पंधरा टन कांद्याच्या गोण्या उंचवर रचलेला ट्रक एकाएकी वळवला तर तो उलटतो. अनुभवी चालक नव्या पोराला पहिला धडा देतात तो हाच: जनावर समोर आले तर स्टिअरिंग ओढायचे नाही, ब्रेक दाबायचा. हा निर्दयपणा नव्हे, क्लीनरचा आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव वाचवण्याची ती रीत आहे.

प्राण्यालाही निसर्गाने या प्रसंगासाठी घडवलेले नाही. मिणमिणत्या उजेडात पाहण्यासाठी बनलेल्या त्याच्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की तो दिपतो आणि जागच्या जागी थिजतो. त्यात चौपदरी रस्त्यांच्या दुभाजकांनी भर घातली आहे. काँक्रीटचा सलग कठडा असेल तर अर्धा रस्ता ओलांडलेला प्राणी मध्येच अडकतो आणि बिचकून माघारी फिरतो. दुभाजकावर कण्हेरीची दाट झाडी असेल तर तो चाकापुढे येईपर्यंत दिसतच नाही. रात्रीच्या चालकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. एक जनावर आडवे गेले की वेग लगेच वाढवायचा नाही, त्याच्यामागे दुसरे असू शकते. मादी पुढे गेलेली आणि पिल्लू मागे राहिलेले, हा प्रसंग रस्त्यांचे आराखडे काढणाऱ्यांच्या कागदावर क्वचितच उमटतो.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. वेग ताशी ५० किलोमीटरवर आणला तर विचार आणि ब्रेक मिळून थांबण्याचे अंतर ४० ते ४५ मीटरवर येते. म्हणजे ट्रक डिपरच्या उजेडाच्या आत थांबू शकतो. घाटातील व नदीकाठच्या मोजक्या टापूंत रात्री एवढा वेग पाळला गेला, तर कसारा ते पिंपळगाव या प्रवासात फार तर काही मिनिटे अधिक जातील. प्रश्न एवढाच की हे टापू कोणते? ते सांगू शकणारा माणूस गप्प आहे.

थांबायचे की निघून जायचे?

तो गप्प का आहे, हे समजून घ्यायला हवे. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे आणि ‘शिकार’ या संज्ञेत प्राण्याला ठार मारणेही समाविष्ट आहे. अपघात आणि शिकार यांत हेतूचा फरक असतो, हे न्यायालयात सिद्ध करता येते. परंतु परराज्यातील चालकाला इगतपुरी किंवा सिन्नरच्या न्यायालयात तारखांना येणे, वाहन जप्त झाल्यास मालकाचे हप्ते थकणे आणि नाशवंत माल गाडीतच सडणे, या शक्यताच त्याला घाबरवण्यास पुरेशा असतात. कायद्याच्याच कलम ३९ मध्ये मेलेला आढळलेला अथवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता असल्याचे म्हटले आहे. म्हणजे ‘चुकून मृत्यू’ ही कल्पना कायद्याला परकी नाही. तरीही धडकेची माहिती देणाऱ्या चालकाचे पुढे काय होईल, हे स्पष्ट करणारी सोपी, लेखी आणि सर्वांना ठाऊक असलेली पद्धत नाही.

दुसरी भीती जमावाची. रस्त्यावर गर्दी जमली की आधी चालकाला मारहाण होते, मग विचारपूस, हा चालकांचा पिढीजात अनुभव आहे. शिवाय जखमी बिबट्याजवळ उतरणे हे स्वतःच जिवावरचे संकट. या भीतीची धग नाशिककरांनी जानेवारी २०२४ मध्ये जवळून पाहिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या उपकलमात, निष्काळजीपणे वाहन चालवून माणसाचा मृत्यू घडवल्यावर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. तिच्या निषेधार्थ चालकांनी देशभर काम थांबवले, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ही तरतूद लागू करण्यापूर्वी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करण्याचे आश्वासन केंद्राला द्यावे लागले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले.

त्या आंदोलनातील मागण्या योग्य होत्या की नव्हत्या, हा स्वतंत्र वाद आहे. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. माणसाच्या अपघातातही थांबणे हा चालकाला आपल्या जिवाशी खेळ वाटतो. मग सशासाठी, कोल्ह्यासाठी किंवा बिबट्यासाठी तो थांबेल, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

नोंद नाही, म्हणून उपाय नाही

चालकाच्या मौनाची किंमत प्राणी चुकवतात. बिबट्याचे कलेवर निदान कोणाच्या तरी नजरेला पडते. रानमांजर, उदमांजर, घोरपड, साळिंदर, साप आणि घुबडे यांचे सकाळपर्यंत डांबरावरचे डाग झालेले असतात. रस्त्यावर मेलेला कुत्रा खायला आलेला तरस स्वतःच दुसऱ्या वाहनाखाली जातो. यापैकी बहुतांश मृत्यू कोणत्याही नोंदवहीत जात नाहीत. परिणामी, एखाद्या ठिकाणी वर्षभरात किती प्राणी मेले, हे विचारले तर उत्तर मिळत नाही आणि रस्ते प्राधिकरणाला तेथे खर्च करण्याचे कारणही दिसत नाही.

जेथे कारण दिसले, तेथे उपाय झाले आणि ते यशस्वीही ठरले, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. नागपूर-शिवनी महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या जंगलातून जातो. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर या रस्त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधण्यात आले. त्यांतील सर्वांत मोठा ७५० मीटर लांबीचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ प्रजातींचे वन्यप्राणी या वाटा वापरताना टिपले गेले आणि त्यात ११ वाघ होते. वर ट्रक धावत होते आणि खालून वाघ जात होता. याउलट, अशी सोय नसलेल्या नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ डिसेंबर २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातील ‘बाजीराव’ हा वाघ वाहनाच्या धडकेत ठार झाला होता. एकाच विदर्भातील दोन रस्त्यांमधला हा फरक वाघांच्या अथवा चालकांच्या स्वभावाचा नव्हता, रचनेचा होता.

समृद्धी महामार्गाच्या आखणीतही भारतीय वन्यजीव संस्थेचे मार्गदर्शन घेण्यात आले. कारंजा-सोहोळ, काटेपूर्णा आणि तानसा या अभयारण्यांच्या परिसरातून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर प्राण्यांसाठी भुयारी व वरून जाणारे मार्ग ठेवण्यात आले. हा महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे या शेवटच्या टप्प्यासह पूर्ण झाला. इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा असल्याने डोंगराचा मोठा भाग प्राण्यांसाठी अखंड राहिला, हा त्याचा न ठरवता झालेला लाभ. पण समृद्धी हा नवा, कुंपण घातलेला रस्ता. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे जुने रस्ते रुंद होत गेले, तेव्हा अशा वाटांचा विचार अपवादानेच झाला. शिवाय हे सारे नियम मुख्यतः अभयारण्ये आणि वाघांचे भ्रमणमार्ग डोळ्यांपुढे ठेवून बनलेले आहेत. दारणाकाठचा ऊस कोणत्याही अधिसूचनेत भ्रमणमार्ग म्हणून येत नाही, आणि म्हणून त्याच्या बांधावरून जाणारा रस्ता कागदोपत्री निर्वन्य ठरतो.

साक्षीदाराला बोलते करणे

काही ठिकाणी रात्रीची वाहतूकच बंद करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या रस्त्यांवर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना मज्जाव आहे आणि उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये तो कायम ठेवला. मात्र तो संरक्षित वनातील उपाय आहे. मुंबईच्या स्वयंपाकघरांना भाजी पुरवणारा रस्ता रात्री बंद ठेवणे शक्य नाही, आणि तशी मागणी करणे म्हणजे प्रश्नाला बगल देणे होय.

नाशिकला अधिक उपयोगी ठरेल ते स्वीडनचे उदाहरण. तेथे सांबरासारखा थोराड एल्क, हरीण, रानडुक्कर, लांडगा अथवा अस्वल यांना वाहन धडकले तर चालकाने पोलिसांना कळवणे आणि जागा खुणेने दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. धडक होणे हा गुन्हा नाही, धडक लपवणे हा गुन्हा आहे. या एका भेदामुळे चालक आरोपी न राहता माहितीचा स्रोत होतो. जखमी प्राण्याचा शोध घेता येतो, आणि कोणत्या वळणावर किती धडका झाल्या हे वर्षानुवर्षे साठत जाते. त्या साठ्यावरून कुंपण कोठे घालायचे आणि पूल कोठे बांधायचा हे ठरते.

महाराष्ट्रात असे काही उभारण्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, वन विभागाचा १९२६ आहे, टोलनाक्यांवर रात्रंदिवस माणसे व गस्तीची वाहने असतात. घोटी, पिंपळगाव किंवा शिंदे येथील टोलनाक्यावर थांबून ‘अमुक किलोमीटरच्या दगडाजवळ जनावर आडवे गेले’ एवढे सांगणाऱ्या चालकाचे नाव न विचारता नोंद घेतली गेली, तर वर्षभरात जिल्ह्याच्या रस्त्यांचा असा नकाशा तयार होईल जो आजवर कोणत्याही कार्यालयात नाही. धडक झालेली नसतानाचे दर्शनही त्यात यावे, कारण प्राणी मरण्यापूर्वीच वाट कळणे हाच खरा लाभ. त्यासोबत वन विभागाने लेखी स्वरूपात जाहीर करायला हवे की, वेगमर्यादेत असलेल्या, मद्यप्राशन न केलेल्या आणि स्वतःहून माहिती देणाऱ्या चालकाचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला जाईल आणि वाहन अडवून ठेवले जाणार नाही. शिकारी याचा गैरफायदा घेतील, ही शंका रास्त आहे. पण बंदुकीची गोळी, फास आणि वाहनाची धडक यांतील फरक शवविच्छेदनात उघड होतो. त्यासाठी प्रत्येक चालकाला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.

नकाशा हाती आला की उपाय फार महागडे नाहीत. महामार्गांखाली पावसाच्या पाण्यासाठी शेकडो मोऱ्या आधीच आहेत. त्यांतील गाळ, झुडपे व कचरा काढून दोन्ही तोंडांना थोडे कुंपण घातले, तर लहान प्राण्यांना आणि मोठ्या मोरीतून बिबट्यालाही वाट मिळते. दुभाजकावरील झाडी ठरावीक टापूत खुरटी ठेवता येते. काँक्रीटच्या कठड्यात ठरावीक अंतरावर फटी ठेवता येतात. ‘वन्यप्राण्यांचा वावर’ असा गंजलेला फलक दहा किलोमीटरसाठी एकच लावण्यापेक्षा नेमक्या दोन किलोमीटरला वेगमापक कॅमेरा लावणे अधिक परिणामकारक ठरेल.

जबाबदारी एकतर्फी मात्र असू नये. वेगनियंत्रक यंत्र निकामी करणे, क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे आणि सलग दोन-दोन रात्री जागून गाडी हाकणे हे प्रकार सर्रास चालतात. कसारा घाटात माकडांना केळी व बिस्किटे टाकणारे प्रवासी आणि चालक पुण्य कमावत नसतात, ते त्या टोळीला रस्त्यावर राहायला शिकवत असतात. ढाब्यांमागे पडणाऱ्या खरकट्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ढाबा आणि रस्ता यांत पन्नास पावलांचे अंतर असते, आणि तेच अंतर प्राणघातक ठरते. मालकांची जबाबदारी त्याहून मोठी आहे. १९६१ चा मोटार परिवहन कामगार अधिनियम दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा सांगत होता. ती पाळली गेली असती तर झापड आलेल्या डोळ्यांनी बिबट्या आणि झुडूप यांत फरक करण्याची वेळ चालकांवर आली नसती.

हे सारे आताच बोलण्याचे कारण आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिकभोवतीचे रस्ते रुंद करण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. वाढवण बंदराला भरवीरजवळ समृद्धीशी जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या महामार्गाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो मुख्यतः मालवाहतुकीसाठीच आहे आणि पालघर-नाशिकच्या डोंगराळ, झाडीच्या पट्ट्यातून जाणार आहे. रस्ता कागदावर असताना मोरीची उंची दोन मीटरने वाढवणे हा रेघेचा खर्च असतो, रस्ता झाल्यावर तो कोट्यवधींचा होतो. त्या आराखड्यांपूर्वी जुन्या रस्त्यांवरील चालकांना एकदा तरी विचारले गेले पाहिजे.

पेंचच्या रस्त्याखाली वाट ठेवण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. नाशिकच्या उसातील बिबट्यासाठी कोणी न्यायालयात गेलेले नाही आणि त्याच्या नावाने चित्रपटही निघालेला नाही. त्याच्या वाटांची माहिती रोज रात्री घाट उतरणाऱ्या हजारो केबिनांमध्ये विखुरलेली आहे. उद्या पुन्हा ‘अज्ञात वाहन’ हे शब्द छापून येतील, तेव्हा त्या वाहनात एक माणूस होता, त्याने काहीतरी पाहिले होते आणि त्याला कोणी विचारले नाही, एवढे तरी वाचणाऱ्याच्या ध्यानात राहावे.